सहा तुकड्यांचा अल्बम
वडिलांनी जपलेली नाट्यपदांची सीडी मी परवा संगणकावर उतरवून घेतली आणि गाण्यांच्या अ‍ॅपमध्ये टाकली. पदं १४, आणि अ‍ॅपमध्ये दिसले सहा अल्बम! हरवलेलं काहीच नव्हतं. एमपी-थ्री फाइलच्या पोटात आयडी-थ्री नावाची चिठ्ठी असते. बहुतेक अ‍ॅप फोल्डरपेक्षा त्या चिठ्ठीवरच विश्वास ठेवतात. गायक सहा, म्हणून अल्बमही सहा. चिठ्ठीत 'आर्टिस्ट'शिवाय 'अल्बम आर्टिस्ट' असा आणखी एक रकाना असतो. तिथं चौदाही पदांना 'विविध गायक' लिहिलं, लायब्ररी पुन्हा स्कॅन केली आणि तुकडे सांधले गेले. एक पद तेवढं वेगळंच राहिलं. बराच वेळ डोळे ताणल्यावर दिसलं, की त्याच्या अल्बमच्या नावाअखेरीस एक मोकळी जागा पडली होती. देवनागरीत तर आणखी जपावं लागतं. 'ऱ' युनिकोडमध्ये अखंड लिहिता येतो, तसाच 'र'खाली नुक्ता देऊनही. आपल्याला अक्षर एकच दिसतं, अ‍ॅपला ती दोन नावं वाटू शकतात. १९९६ च्या पहिल्या आयडी-थ्रीत नावाला जेमतेम ३० बाइट मिळत, त्यामुळे जुन्या फाइलींतली लांब नावं अर्ध्यावर तुटलेली सापडतात. ती हातानंच पुरी करावीत, आपल्या गायकांच्या नावांसाठी तेवढे कष्ट नक्कीच घ्यावेत. राग आणि नाटक मी 'कॉमेंट'मध्ये लिहून ठेवले. शेवटी ट्रॅक क्रमांक भरले. तोवर पदं अकारविल्हे लागत होती आणि नांदी मध्येच कुठंतरी येत होती. काल रात्री ती पहिली वाजली.