संशयाचा हजेरीपट

धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यात राईनपाडा नावाचे एक लहानसे गाव आहे. १ जुलै २०१८ रोजी, रविवारच्या बाजाराच्या दिवशी, तेथे पाच परकी माणसे आली. सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढ्याकडचे ते नाथपंथी डवरी गोसावी होते. गावोगाव फिरून भिक्षा मागणे हा त्यांच्या समाजाचा पिढीजात व्यवसाय. मुले पळविणारी टोळी हिंडत असल्याची आवई त्या भागात भ्रमणध्वनींवरून आधीच पसरली होती. त्या पाचांपैकी कोणीतरी एका लहान मुलीशी बोलताना दिसला आणि जमावाला तेवढा पुरावा पुरला. ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडून पाचही जणांना ठार मारण्यात आले.

या हत्याकांडानंतर जी चर्चा झाली तिचा सारा रोख भ्रमणध्वनीवर होता. अफवा पसरविणारे यंत्र दोषी, असा निष्कर्ष काढून सर्वांनी सुटकेचा निःश्वास टाकला. परंतु त्याच बाजारात त्या दिवशी भांडी विकणारा परगावचा व्यापारी, औषधकंपनीचा प्रतिनिधी किंवा बदलून आलेला तलाठी एखाद्या मुलीशी बोलला असता, तर त्याच्यावर हात उगारला गेला असता काय? अफवेला यंत्र लागते हे खरे. पण तिला चेहराही लागतो, आणि तो चेहरा समाजाने पूर्वीच मुक्रर करून ठेवलेला असतो. पाल ठोकून राहणारा, झोळी घेऊन फिरणारा, ज्याच्या गावाचे नाव कोणी विचारत नाही, असा तो चेहरा आहे.

अशा ठरीव चेहऱ्याला इंग्रजीत जो ‘स्टिरिओटाइप’ शब्द आहे, तो मुळात छापखान्यातला. जुळविलेल्या खिळ्यांवरून एकदा धातूचा ठोकळा ओतून घेतला की पुन्हा खिळे जुळविण्याचे कारण उरत नाही. हव्या तितक्या प्रती निघतात. वॉल्टर लिपमन या अमेरिकन पत्रकाराने १९२२ साली ‘पब्लिक ओपिनियन’ या ग्रंथात हा शब्द माणसाच्या मनातील ठाशीव चित्रांना लावला. माणूस आधी पाहतो आणि मग व्याख्या करतो असे नसून, बहुधा आधी व्याख्या करतो आणि मग पाहतो, हे त्याच्या प्रतिपादनाचे सार होते. एका वृत्तपत्रकाराने ते सांगावे याला विशेष अर्थ आहे, कारण ठोकळ्यांच्या प्रती काढण्याचे काम वृत्तपत्रांइतके दुसऱ्या कोणी केलेले नाही. ‘अमुक जमातीची टोळी जेरबंद’ असा मथळा आजही छापला जातो. आरोपी वरच्या जातीचा असेल तर मात्र त्याची जात त्या मथळ्यात कधी येत नाही.

भारतातील भटक्यांच्या बाबतीत हा ठोकळा ओतण्याचे काम खुद्द सरकारने केले. १८७१ साली ब्रिटिश सरकारने गुन्हेगार जमाती कायदा संमत केला. सुताराचा मुलगा सुतार आणि विणकराचा मुलगा विणकर होतो, त्याच न्यायाने या देशात गुन्हेगारीही वंशपरंपरेने चालते, असा तर्क त्यामागे होता. या देशातील जातिव्यवस्थेचे ज्ञान आपल्याला झाले आहे अशा समजुतीत साहेब होता. वस्तुतः इथल्या उच्चवर्णीयांचे पूर्वग्रह तेवढे त्याने इंग्रजीत उतरवून घेतले. एखादी जमात गुन्हेगार असल्याचे एकदा जाहीर झाले की त्या अधिसूचनेला कोणत्याही न्यायालयात आव्हान देता येत नसे. जमातीतील माणसांची नावे नोंदवहीत चढत, ठरल्या वेळी हजेरी द्यावी लागे आणि परवान्यावाचून हद्द ओलांडणे हाच गुन्हा ठरे. १९११ च्या कायद्याने हे जाळे सर्व ब्रिटिश हिंदुस्थानभर पसरले. मुंबई इलाख्यात सोलापूर, विजापूर, हुबळी येथे वसाहती उभारण्यात आल्या. सोलापुरात तर तारेच्या कुंपणातली माणसे गिरण्यांत कामाला जात आणि पुन्हा कुंपणात परत येत. शहराच्या त्या भागाला लोक अजून ‘सेटलमेंट’च म्हणतात.

जाहीर झालेल्या या जमाती मूळच्या कोण होत्या, हे पाहिले म्हणजे त्या तर्काचा पोकळपणा ध्यानात येतो. बैलांच्या तांड्यांवरून धान्य आणि मीठ वाहून नेणारे बंजारे आगगाडी आल्यावर निरुपयोगी झाले. रानावर जगणाऱ्या पारध्यांच्या वाटा आधी जंगलकायद्यांनी अडविल्या आणि पुढे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यांची शिकारच बेकायदेशीर ठरविली. वन्यप्राण्यांना संरक्षण हवेच होते, याविषयी वाद नाही. परंतु शिकाऱ्याने उद्यापासून काय खावे, याचा विचार करणारे कलम कोणत्याच कायद्यात नव्हते. आधी माणसाचा धंदा काढून घ्यावा आणि मग तो रिकामा फिरतो म्हणून त्याच्यावर संशय घ्यावा, असा हा क्रम आहे.

स्वातंत्र्य आले तेव्हा १२७ जमातींतील सुमारे १ कोटी ३० लाख लोक या कायद्याच्या कक्षेत होते, असे सांगितले जाते. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो देशभर रद्द झाला आणि ‘गुन्हेगार’ जमाती ‘विमुक्त’ झाल्या. नोंदवह्या बंद झाल्या, परंतु पोलीस ठाण्यातली विचार करण्याची पद्धत तीच राहिली. गावात चोरी झाली की पहिली धाड पारध्यांच्या पालावर पडते. धाडीत कोणी ना कोणी सापडतोच. निदान पळून तरी जातो, आणि पळून गेला हा पुरावा होतो. अटक झाली की नाव दप्तरी लागते. पुढच्या चोरीच्या वेळी दप्तर उघडून पाहावे तर त्यात पारध्यांची नावे अधिक! मग ‘आकडेच बोलतात’ असे म्हणायला अधिकारी मोकळा होतो. ज्या वस्तीची झडती कधी घेतलीच जात नाही त्या वस्तीचे आकडे बोलणार कसे, हा प्रश्न त्याला पडत नाही. संशयातून अटक, अटकेतून आकडा आणि आकड्यातून पुन्हा संशय, असे हे रहाट फिरत राहते. त्याला बाहेरच्या पुराव्याची गरजच लागत नाही.

यावर एक उत्तर ठरलेले असते: ‘पण त्यांच्यातले काही खरोखरच चोऱ्या करतात ना?’ करतात. भुकेने करतात, सवयीने करतात, कधी कोणाच्या सांगण्यावरूनही करतात. ते नाकारण्यात काही शहाणपण नाही. मात्र सहकारी बँकांतील ठेवी बुडविणारे संचालक, परीक्षेच्या प्रश्नपत्रिका फोडणारे, निविदांत टक्केवारी घेणारे हेही कोणत्या ना कोणत्या जातीत जन्मलेलेच असतात. त्यांच्या अपराधाबद्दल त्यांच्या जातीतील कारकुनाला वा शिक्षकाला दिवसातून दोनदा ठाण्यावर बोलाविले गेल्याचे ऐकिवात नाही. प्रतिष्ठिताचा गुन्हा हा त्याचा एकट्याचा असतो. दुर्बलाचा गुन्हा मात्र त्याच्या साऱ्या जमातीचा होतो. पूर्वग्रह कोठे आहे हे ओळखण्याची याहून सोपी खूण नाही.

आणि ही खूण केवळ ठाण्यावरच आढळते असे नाही. आरडाओरडा करणाऱ्या पोराला ‘कैकाड्यासारखा काय ओरडतोस’ म्हणून दटावणारी घरे, अजागळ कपड्यांना ‘लमाणी वेष’ म्हणणाऱ्या आया, वर्गात कंपासपेटी हरवली की पालावरून आलेल्या विद्यार्थ्याच्या दप्तराकडे नकळत वळणारी मास्तरांची नजर, यांत दुष्टपणा मुळीच नसतो. ही माणसे सज्जन असतात, आणि म्हणूनच हा प्रश्न अवघड आहे. लक्ष्मण माने यांच्या ‘उपरा’ला १९८१ साली आणि लक्ष्मण गायकवाड यांच्या ‘उचल्या’ला १९८८ साली साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले, तेव्हा याच सज्जन मराठी वाचकाने ती पुस्तके डोळ्यांत पाणी आणून वाचली. पुस्तकातल्या माणसावर त्याची माया जडली. दाराशी येणाऱ्या माणसाला पाहून कडी लावण्याची त्याची सवय मात्र गेली नाही, आणि त्या दोहोंत काही विसंगती आहे असेही त्याला वाटले नाही.

कायद्याच्या पुस्तकांतही जुने ठसे दीर्घकाळ टिकून राहिले. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सुकन्या शांता खटल्यात तुरुंग नियमावल्यांतील जातिभेद घटनाबाह्य ठरविला, तेव्हा भटक्या जमातींच्या माणसांत पळून जाण्याची नैसर्गिक प्रवृत्ती असते, अशा अर्थाचे शब्द स्वतंत्र भारतातील एका राज्याच्या नियमावलीत अद्याप जिवंत असल्याचे उघड झाले. विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानी पद्धतीने अटक होऊ नये, असेही न्यायालयाला त्या वेळी पोलिसांना बजावून सांगावे लागले. कायदा रद्द होऊन तेव्हा बहात्तर वर्षे उलटली होती.

महाराष्ट्रात विमुक्त जाती आणि भटक्या जमातींना आरक्षण आहे आणि ते घेण्यासाठी जातीचा दाखला लागतो. दाखल्यासाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीपासून राज्यात वास्तव्य असल्याचा पुरावा मागितला जातो. शाळा सोडल्याचा दाखला, घराचा उतारा, जन्मनोंद, असे कागद लागतात. ज्याचा आजा आज या शिवारात तर उद्या त्या शिवारात पाल टाकत होता, त्याच्या घरात यांतला एकही कागद नसतो. कागद नसलेल्यांसाठी स्थानिक चौकशीची वाट परिपत्रकांत दाखविलेली असली, तरी ती तहसील कचेरीच्या खिडकीपर्यंत क्वचितच पोहोचते. खिडकीमागचा कारकून नियमाने वागतो. अर्जावर ‘पुरावा अपूर्ण’ असा शेरा मारतो आणि पुढच्याला बोलावितो. ज्या आजाला कचेरीची चिठ्ठी असल्याशिवाय गावची वेस ओलांडता येत नव्हती, तो आजा याच मुलखात होता असे सिद्ध करणारी चिठ्ठी त्याच्या नातवाकडे मागितली जाते आणि ती त्याच्याजवळ नसते.