विम्याची परीक्षा पाणी ओसरल्यावर

मे सरत आला की कोकणात घरं शाकारायची लगबग सुरू होते. कोल्हापूर-सांगलीत नदीकाठची माणसं सामान माळ्यावर चढवू लागतात. पुढचे तीन महिने राजाराम बंधारा आणि आयर्विन पुलाजवळच्या पाण्याची पातळी हाच त्यांच्या गप्पांचा विषय असणार. या सगळ्या तयारीत घराचा विमा मात्र सहसा नसतो. का नाही, असं विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं : ‘घेऊन उपयोग काय? वेळेला देतात कुठे?’

हे उत्तर आळसापोटी आलेलं नाही. गावाकडे ‘विमा कंपनी’ म्हटलं की पहिल्यांदा पीकविमा आठवतो. त्यातलं बहात्तर तासांत नुकसान कळवणं, न चालणारं अ‍ॅप, नदीपलीकडच्या मंडळाला पैसे आणि अलीकडच्याला ठेंगा, हे सगळं शेतकऱ्यानं भोगलंय. २०२३मध्ये सरकारनं एक रुपयात पीकविमा दिला आणि दोन वर्षांत ती सवलत काढूनही घेतली. विश्वास मात्र त्या रुपयानं वाढला नाही. शहरात तीच कथा मेडिक्लेमची. पॉलिसी विकताना ‘सर, सर’ करणारा एजंट बिलं कापली गेली की फोन उचलत नाही. दुधानं तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो, त्यामुळे घराच्या विम्याला न केलेल्या गुन्ह्याची शिक्षा मिळते.

कागदावर पाहिलं तर हा विमा आज बराच सरळ आहे. विमा नियामकानं १ एप्रिल २०२१पासून सर्व सर्वसाधारण विमा कंपन्यांना ‘भारत गृह रक्षा’ ही एकसारखी पॉलिसी विकायला लावली. आग, वीज, भूकंप, वादळ, पूर, दरड कोसळणं हे सारं मूळ पॉलिसीतच येतं. इमारतीचा विमा उतरवला की घरातल्या सामानाला त्या रकमेच्या वीस टक्के संरक्षण आपोआप मिळतं, कमाल मर्यादा दहा लाख. म्हणजे २५ लाखांच्या विम्यात सामानाचे पाच लाख धरलेले असतात. रोख पैसे त्यात येत नाहीत आणि दागिन्यांसाठी वेगळी सोय करावी लागते. विम्याची रक्कम ठरते ती घर पुन्हा बांधायला येणाऱ्या खर्चावर, जागेच्या बाजारभावावर नव्हे.

सगळ्यात महत्त्वाची सुधारणा मात्र फारशी कुणाला ठाऊक नाही. जुन्या पॉलिसीत वीस लाखांच्या घराचा विमा दहा लाखांचा असेल आणि नुकसान चार लाखांचं झालं, तर ‘निम्माच विमा होता’ म्हणून हातावर दोनच लाख टेकवत. विमेदाराच्या तोंडाला पानं पुसायची ही हुकमी वाट होती. गृह रक्षा पॉलिसीत ती बंद झाली.

मग अडतं कुठे? पाणी ओसरल्यानंतरच्या आठवड्यात. २२ जुलै २०२१ला वाशिष्ठी आणि शिव नदीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं. असा पूर उतरल्यावर घरात काय असतं, ते पुराचा अनुभव घेतलेल्यांना सांगायला नको. भिंतीवर मातीची रेघ, खाली गुडघाभर चिखल, फुगून दार न उघडणारं कपाट, आडवा पडलेला फ्रिज आणि असह्य वास. माणूस आधी चिखल उपसतो, भिजलेल्या गाद्या रस्त्यावर टाकतो, पालिकेची गाडी त्या उचलून नेते. दरम्यान तलाठी येऊन पंचनामा करतो आणि लोकांना वाटतं, विम्याचंही काम झालं. प्रत्यक्षात तो पंचनामा सरकारी मदतीसाठी असतो, विम्यासाठी कंपनीचा सर्व्हेअर यावा लागतो. तो येतो तेव्हा घर धुऊन झालेलं असतं. ‘फ्रिज कुठे आहे?’ ‘टाकून दिला.’ ‘बिल?’ बिलं ठेवलेला खण फ्रिजच्या आधी बुडालेला असतो.

इथे कोणीही लबाड नसताना दावा फसतो. सर्व्हेअरला पुरावा हवा, त्याशिवाय फुगवलेले दावेही पास होतील, हे मला मान्य आहे. पण ज्या आपत्तीत पुरावाच वाहून जातो, त्या आपत्तीचा विमा विकताना ही अडचण आधीच सांगायला नको का? घरात पाणी शिरलं तर फोटो आणि व्हिडिओ कसे काढायचे, कुठल्या नंबरवर कळवायचं, पाहणीआधी काय टाकून द्यायचं नाही, एवढं एका पानावर मराठीत छापून पॉलिसीसोबत देणं कोणत्याही कंपनीला जड नाही.

२०२४च्या नियमांप्रमाणे दावा कळवल्यापासून चोवीस तासांत सर्व्हेअर नेमायचा, त्यानं पंधरा दिवसांत अहवाल द्यायचा आणि अहवाल हाती आल्यावर सात दिवसांत कंपनीनं निर्णय कळवायचा. वेळापत्रक झकास आहे. ते पुरात बुडालेल्या तालुक्यात पाळलं गेलं की नाही, हे मात्र आपल्याला कळायला मार्ग नाही. नियामकाच्या वार्षिक आकडेवारीत घरांचा विमा आगीच्या विम्यात मोडतो आणि त्यात कारखाने, गोदामंही येतात. त्या ढिगातून चिपळूणकराला किंवा शिरोळच्या माणसाला आपल्या गावाचा हिशेब कसा सापडणार?

म्हणून माझी मागणी साधी आहे. कोणत्याही मोठ्या आपत्तीनंतर तीन महिन्यांच्या आत, जिल्हावार आणि कंपनीवार, घरांचे दावे किती आले, किती मंजूर झाले, किती नाकारले आणि का, मागितलेल्यापैकी सरासरी किती रक्कम मिळाली, हे जाहीर करायला नियामकानं भाग पाडावं. चांगलं काम करणाऱ्या कंपनीला याची भीती नाही, उलट तिची यापेक्षा मोठी जाहिरात होणार नाही.

सरकारनंही स्वतःकडे पाहावं. सप्टेंबर २०२५मध्ये वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्य विम्यावरचा जीएसटी शून्य झाला. घराच्या विम्यावर तो अठरा टक्केच राहिला. पूर्ण पडलेल्या पक्क्या घराला सपाट भागात आपत्ती निधीच्या निकषानं मिळतात एक लाख वीस हजार. त्यात आज घराचा पायाही धड होत नाही. उरलेला भार लोकांनी विम्यावर टाकावा असं वाटत असेल, तर त्या हप्त्यावर कर कशाला?

तोवर वाचकांनी हातातली कामं उरकावीत. गृहकर्ज घेतलं असेल तर बँकेत जाऊन फाइल पाहा. कर्जासोबत गळ्यात मारलेली पॉलिसी घराची आहे की कर्जदाराच्या आयुष्याची, हे अनेकांना माहीतच नसतं. घराची असेल तर सामान त्यात आहे का, ते विचारा. घरातल्या वस्तूंचा आणि बिलांचा मोबाइलवर व्हिडिओ करून परगावच्या नातेवाइकाला पाठवून ठेवा. दावा अडला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. महिनाभरात दाद लागली नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येतं. पुण्यात आणि मुंबईत त्याची कार्यालयं आहेत, ५० लाखांपर्यंतच्या भरपाईचा निवाडा तो देऊ शकतो, फी नाही, वकील लागत नाही आणि त्याचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो.

‘लोकांमध्ये विम्याबद्दल जागरूकता नाही’ हे कंपन्यांचं आवडतं वाक्य आहे. ते अर्धंच खरं आहे. शेजारच्याला पैसे मिळाले की नाही, याबद्दल लोक अतिशय जागरूक असतात. तेवढा हिशेब उघडा ठेवला, तर जागरूकतेच्या मोहिमांवरचा कंपन्यांचा बराच खर्च वाचेल.