आधी खाण, मग शिवसागर

मंडळी, पोस्ट मोठी आहे. पण १ मेच्या ग्रामसभेत माळावरच्या खाणीचा विषय येतोय आणि त्याआधी हे बोलणं मला गरजेचं वाटतं. सावकाश वाचा. नाही पटलं तर खाली लिहा, मी उत्तर देईन.

खाण सगळ्यांना माहीत आहे. क्रशर बंद पडला, ठेकेदार मशिनरी उचलून गेला आणि खड्डा आपल्याला ठेवून गेला. पावसाळ्यागणिक त्यात पाणी साठत गेलं. ना कुंपण, ना पाटी. गेल्या मे महिन्यात तिथं आपल्यातलं एक पोरगं गेलं. दहावीचा निकालही लागायचा होता. त्याचं नाव मी इथं लिहिणार नाही, त्याच्या आईच्या मोबाईलवरही ही पोस्ट जाईल.

तेव्हापासून गावात दोन मतं आहेत. एक म्हणजे राडारोडा टाकून खाण बुजवा आणि विषय संपवा. दुसरं मत मंडळातल्या चार-पाच तरुणांचं. ते म्हणतात, खाण साफ करू, कुंपण घालू आणि तिथं पोहण्याचं आणि स्कुबा डायव्हिंगचं प्रशिक्षण सुरू करू. यावर आपल्या ग्रुपवर जी खिल्ली उडाली ती तुम्ही वाचलीच असेल. "डबक्यात कसलं स्कुबा? करायचं तर शिवसागरात करा की! एवढं मोठं पाणी उशाला असताना खाणीत कुठं उतरताय?"

खरं सांगतो, आधी हसणाऱ्यांत मीही होतो. आता माझं मत बदललंय, आणि का बदललं ते सांगतो.

मी मालवणला दोनदा पाण्याखाली गेलोय. पहिल्यांदा तुमच्यासारखाच पर्यटक म्हणून. एका पोराने मागून बाटला धरलेला, मासे दाखवले, व्हिडिओ काढला, वीस मिनिटांत बाहेर. घरी येऊन "स्कुबा केलं" म्हणून स्टेटस ठेवलं. ते स्कुबा नव्हे. ते म्हणजे दुसऱ्याच्या मोटरसायकलवर मागे बसणं.

दुसऱ्यांदा चार दिवस राहून शिकलो. पहिल्याच दिवशी, कमरेएवढ्या पाण्यात गुडघ्यावर बसवून, डोळ्यांवरच्या मास्कमध्ये पाणी भरायला लावलं आणि नाकाने हवा फुंकून ते बाहेर काढायला सांगितलं. ऐकायला सोपं आहे. माझ्या नाकात पाणी गेलं, मी घाबरलो आणि ताडकन उभा राहिलो. डोकं पाण्याबाहेर आलं, श्वास घेतला, सगळे हसले, मीही हसलो.

आता विचार करा, हेच पंधरा मीटर खोल पाण्यात झालं असतं तर? तिथं ताडकन उभं राहता येत नाही. घाबरलेला माणूस श्वास रोखून वर पळतो. आणि श्वास रोखून वर पळणं हीच स्कुबातली सगळ्यात जीवघेणी चूक. दहा मीटरवर दाब जमिनीवरच्या साधारण दुप्पट असतो. तिथं छातीभर घेतलेली हवा वर येईपर्यंत दुप्पट जागा मागते. फुप्फुस फाटू शकतं. म्हणून पाण्याखाली श्वास कधीच रोखायचा नाही, हा पहिला नियम. आणि तो पाठ करून होत नाही, अंगात भिनवावा लागतो. त्यासाठी घाबरायची, चुकायची, पुन्हा करायची जागा लागते.

ती जागा म्हणजे तळ माहीत असलेलं, चारी काठ दिसणारं, न वाहणारं पाणी. म्हणजेच नीट तयार केलेली खाण.

हे माझ्या डोक्यातून निघालेलं खूळ नाही. ब्रिटनला चारी बाजूंनी समुद्र आहे, तरी तिथलं नावाजलेलं डायव्हिंग केंद्र आहे लेस्टरजवळच्या स्टोनी कोव्ह नावाच्या जुन्या दगडखाणीत. १९५८ साली तिथं दगड काढणं थांबलं, मग खाण पाण्याने भरली. दगड टप्प्याटप्प्याने काढल्यामुळे पाण्याखाली साधारण ७, २० आणि ३५ मीटरवर सपाट कट्टे तयार झाले. नवशिके पहिल्या कट्ट्यावर, सरावलेले दुसऱ्यावर, मुरलेले तिसऱ्यावर. अमेरिकेत तर समुद्रासारखी पाच महासरोवरं आहेत. तरी त्यांच्या काठच्या ओहायो, इलिनॉयमधले कितीतरी लोक पहिले धडे पाण्याने भरलेल्या खाणींत घेतात आणि मग सरोवरात बुडालेली जहाजं बघायला जातात.

आता आपल्या शिवसागराकडे या. मला कोयनेबद्दल काडीचाही आकस नाही, अभिमानच आहे. १०५ टीएमसीचं धरण, पन्नास किलोमीटरहून लांब पाणी. मुनावळ्याला २०२४ च्या मार्चमध्ये जलपर्यटन सुरू झालं, लोकांना काम मिळतंय, चांगलंच आहे. पण पाण्यावर बोट फिरवणं वेगळं आणि त्याच पाण्याखाली नवशिक्याला उतरवणं वेगळं.

एक तर वारा. सकाळी आरशासारखं दिसणारं धरणाचं पाणी दुपारनंतर काय रूप घेईल सांगता येत नाही. २१ मे २०२४ ला उजनीत कुगाव-कळाशी दरम्यान वादळी वाऱ्यात बोट उलटली आणि सहा जण गेले. ती रोजच्या वाहतुकीची बोट होती, साहस करायला कोणी गेलं नव्हतं.

दुसरं म्हणजे तळाशी काय आहे ते. कोयनेच्या पोटात गावं आहेत. विहिरी, घरांचे चौथरे, बांध, झाडांची खोडं. त्यावर गाळ. एकाचा पाय तळाला लागला की गाळ उठतो आणि शेजारचा साथीदार दिसेनासा होतो. त्यात जुन्या जाळ्याचा तुकडा पायात आला तर सुरी काढून शांतपणे कापण्याइतकं डोकं थंड पाहिजे. ते नवशिक्याचं नसतं.

तिसरी गोष्ट म्हणजे धरण हे तळं नाही, ते यंत्र आहे. कोयनेत १९९९ आणि २०१२ साली लेक टॅपिंग झालं, ते टीव्हीवर आपण सगळ्यांनी पाहिलं. जलाशयाच्या तळाशी भोक पाडून पाणी बोगद्यातून वीजनिर्मितीला नेलं. अशी तोंडं पाणी किती ताकदीने ओढतात हे वरून कळत नाही. म्हणूनच धरणाजवळच्या पाण्यावर बंधनं असतात आणि ती असलीच पाहिजेत. शिवाय हा पट्टा अभयारण्याचा आणि व्याघ्र प्रकल्पाचा. जलसंपदा, वन, पोलीस, सगळ्यांच्या परवानग्या लागतील. तोवर आपल्या पोरांची लग्नं होतील!

अजून एक मुद्दा, जो ग्रुपवर कोणीच काढला नाही. डायव्हिंगची नेहमीची कोष्टकं समुद्रसपाटी धरून केलेली असतात. तीनशे मीटरच्या वर गेलं की हवेचा दाब कमी असतो आणि गणित बदलावं लागतं. कोयनेचं पाणी साडेसहाशे मीटरच्या आसपास आहे. हा नियम आपल्या खाणीलाही लागू आहे, लपवत नाही. पण खाणीत आपण सहा-आठ मीटरवर थांबणार. धरणात "अजून थोडं खाली जाऊ" म्हणायला कोणी अडवत नाही. आणि काही बिघडलं तर त्यावर उपचार करणारी दाबाची खोली तालुक्याच्या दवाखान्यात मिळत नाही.

आता मूळ मुद्द्यावर येतो. माझ्यासाठी स्कुबा हा पर्यटनाचा विषयच नाही.

गेल्या मे महिन्यात दुपारी तीनला फोन गेला. ज्यांना फोन केला त्यांच्याकडे पाणबुडा नव्हता. आपले पट्टीचे पोहणारे उतरले. दोन-तीन माणसं बुडतील एवढं पाणी, श्वास पुरेना. मग भोई मंडळींना बोलावलं, गळ टाकले. अंधार पडला. दुसऱ्या दिवशी सकाळी लेकरू हाताला लागलं. त्याची आई रात्रभर काठावर बसून होती. जीव वाचला असता असं मी म्हणत नाही, पाण्याखाली काही मिनिटांचाच खेळ असतो. पण ती रात्र तरी टळली असती.

एनडीआरएफचा तळ पुण्याजवळ, एसडीआरएफच्या तुकड्या धुळे आणि नागपूरला. ते येईपर्यंत जे करायचं ते गावालाच करायचंय. आणि पाणी प्रशिक्षित माणसालाही सोडत नाही. २३ मे २०२४ ला अकोले तालुक्यात प्रवरेत बुडालेल्यांना शोधताना एसडीआरएफची बोट उलटली, तीन जवान गेले. तिथं आपण हौशी पोरांना कंबरेला दोर बांधून उतरवतो. एक गेला म्हणून शोधायला दुसरा, दुसऱ्यासाठी तिसरा. हे थांबायला नको?

आता तो पोरगा गेला कसा, ते ऐका. उत्तरेकडून खाणीत उतरलं की पहिला कट्टा लागतो, पाणी कमरेएवढं. पोरं तिथं खेळतात. दहा-बारा पावलं गेलं की कट्टा संपतो आणि पुढचं पाऊल एकदम खोलात. वरून काही कळत नाही, पाणी सगळीकडे सारखंच हिरवं. त्याला पोहता येत नव्हतं. त्याने फक्त एक पाऊल पुढं टाकलं.

ज्या कट्ट्याने त्याला नेलं, तोच कट्टा शिकवायला सगळ्यात चांगली जागा आहे. कडेला दोर आणि तरंगते पिंप लावा, पलीकडे जाळी सोडा. तिथं दुसरीतलं पोर पोहायला शिकेल आणि वीस वर्षांचा तरुण मास्कमधलं पाणी काढायला.

विरोधकांचे प्रश्नही रास्त आहेत. "केंद्र केलं तर पोरं आणखी येतील." येतील. पण आज ती चोरून येतात, तेव्हा फाटकातून येतील आणि बघायला माणूस असेल. "बुजवून टाकलं की झालं." राडारोडा टाकून एवढी खाण भरायला किती वर्षं लागतील? तोवर अर्धवट भरलेला, चिखल झालेला खड्डा आजच्यापेक्षा वाईट. आणि उन्हाळ्यात जनावरांना पाणी कुठलं? "जबाबदारी कोणाची?" हा खरा प्रश्न. त्याचं उत्तर कागदावर आल्याशिवाय एकही माणूस पाण्यात उतरू नये, असं माझंही म्हणणं आहे.

म्हणून ग्रामसभेत मी हे मांडणार:

१. केंद्र होवो न होवो, कुंपण, पाट्या, काठावर दोर आणि टायरच्या ट्यूब मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात. हे ठरावाची वाट बघण्यासारखं काम नाही.

२. पाण्याची तपासणी आणि तळाची मोजणी. पाण्याखाली लोखंड, तारा, सुटे दगड काय आहे ते आधी कळू द्या. कडेचे सैल दगड पाडून घ्या. मूर्ती आणि कचरा टाकणं बंद.

३. खर्चासाठी जिल्हा खनिज प्रतिष्ठानकडे प्रस्ताव. खाणींमुळे बाधित झालेल्या भागासाठीच तो निधी आहे. आपण बाधित नाही तर कोण?

४. पहिलं वर्ष फक्त पोहणं आणि बुडणाऱ्याला वाचवणं. मग निवडक सहा जणांना, त्यात दोन मुली, मालवणला पाठवून रीतसर डायव्हिंगचा कोर्स. मान्यताप्राप्त प्रशिक्षक असल्याशिवाय खाणीत सिलिंडर उतरणार नाही.

हे सहा जण तयार झाले, सरावले की जाऊ दे त्यांना शिवसागरात. मुनावळ्याला उद्या स्कुबा सुरू झालंच, तर तिथं नोकरी मागायला आपली पोरं हक्काने उभी राहतील. पण तिथं पहिला हक्क धरणग्रस्तांचा, हेही विसरू नका. त्या पाण्याखाली कोणाचं तरी उंबरठ्यासकट घर आहे. तिथं सेल्फी काढायला उतरायचं की नाही, हे त्यांना विचारून ठरावं.

मोठं पाणी पळून जात नाही. साठ वर्षं आहे तिथंच आहे. पण खाण आपल्या दारात आहे आणि शाळेला सुट्टी लागलीय.

१ मेला सकाळी नऊला या. विरोध करायला असलात तरी या. पोरींना आणि आयांनाही घेऊन या, कारण गेल्या ग्रामसभेत बारा पुरुष होते आणि बाराही जणांना पोहता येत होतं.