पोच घेतली का?

आंजी (मोठी) येथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात 'एचआर'ची खोली शोधायला जाऊ नये. ती कुठल्याच प्राथमिक केंद्रात नसते. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेचे विद्यार्थी सामुदायिक आरोग्याचे धडे ज्या गावांत गिरवत आले, त्यांत आंजीचे नाव जुने आहे. घरभेट कशी करावी, हे तिथे शिकता येते. पण कोणत्याही केंद्रात आशा सेविकेचा मासिक सभेत पाणउतारा झाला, मोबदल्याच्या कागदावरची सही अडली, तर तिने कुठे जायचे, हे कुणी शिकवत नाही. गटप्रवर्तक, वैद्यकीय अधिकारी, तालुका आरोग्य अधिकारी ही तक्रारीची वाट. ज्याच्याविरुद्ध तक्रार, तोच बहुधा त्या वाटेवर बसलेला!

वाट आखीव असली तरी भागत नाही. मेळघाटात हरिसालच्या वनपरिक्षेत्र अधिकारी दीपाली चव्हाण यांनी 25 मार्च 2021 रोजी जीवन संपवले. वर्दी, हुद्दा, वरिष्ठांची उतरंड, सगळे होते. थेट वरिष्ठाकडून होणारा छळ आपण त्याच्याही वरच्या अधिकाऱ्याच्या कानावर घातला होता, असे त्यांच्या चिठ्ठीत होते. कानावर घातलेले कानावरच राहते.

म्हणून कागद. अर्जाच्या दोन प्रती काढाव्यात; एकीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक. लिपिक 'साहेबांना विचारून सांगतो' म्हणाला, तर त्याच दिवशी स्पीड पोस्ट. मग दहा रुपयांत माहिती अधिकार: अमुक क्रमांकाच्या अर्जावर काय कारवाई झाली? उत्तराची मुदत 30 दिवस. हा सल्ला रुक्ष आहे खरा, पण उद्या 'असा अर्ज आलाच नाही' म्हणायची सोय तो ठेवत नाही.

लैंगिक छळाची गोष्ट वेगळी. तिथे कायदा भक्कम आहे. त्याच्या मुळाशी एक गावपातळीवरची कार्यकर्तीच आहे. राजस्थानात बालविवाह रोखणाऱ्या साथिन भंवरीदेवी यांच्यावर 1992 मध्ये सामूहिक बलात्कार झाला, त्यातून 1997 चा विशाखा निकाल आला आणि पुढे 2013 चा कायदा. त्यात स्वेच्छेने, अगदी बिनपगारी काम करणारीही कर्मचारीच ठरते. 'आशा ही स्वयंसेविका' ही सबब त्यामुळे इथे चालत नाही. दहापेक्षा कमी माणसे असलेल्या ठिकाणी, किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल तर, जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येते. मुदत तीन महिने. सबळ कारण असल्यास आणखी तीन.

शिवीगाळ, सुडाने लावलेली कामे, अपमान यांसाठी असा स्वतंत्र कायदा नाही, हे स्पष्ट सांगायला हवे. मात्र आशेला सेवानियम नसले तरी तिच्या वरिष्ठाला असतात: जिल्हा परिषदेच्या कर्मचाऱ्याला 1967 चे वर्तणूक नियम, राज्य सेवेतल्या वैद्यकीय अधिकाऱ्याला 1979 चे. अर्जात त्यांचा उल्लेख केला, तर कागदाचा सूर बदलतो. संघटनेच्या सहीने गेला, तर आणखीच.

वाचकांपैकी अनेकजण स्वतःच केंद्रप्रमुख आहेत. दहा किंवा अधिक कर्मचारी असतील, तर लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती बंधनकारक. तिचा आदेश दर्शनी भागात लावणेही. गोवा विद्यापीठातील प्रकरणात 12 मे 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाने या समित्यांच्या दुरवस्थेवर कडक ताशेरे ओढले. केंद्राच्या फळ्यावर बदलून गेलेल्या डॉक्टरांचे नाव अजून अध्यक्ष म्हणून असेल, तर या आठवड्यात ते बदलावे. समितीच नसेल, तर दंड 50 हजारांपर्यंत आहे.