कोणता गडी?

खो-खोला बांधीव नियम मिळाले त्याला शतक उलटून गेले. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ साली त्या कामाला हात घातला. पुढे १९३५ मध्ये अखिल महाराष्ट्र शारीरिक शिक्षण मंडळाने नियमांची पुस्तिका काढली. बडोद्याच्या दत्तात्रय चिंतामण मुजुमदारांनी तर व्यायाम ज्ञानकोशाचे दहा खंड मराठीत सिद्ध केले. (आम्हां मराठीच्या प्राध्यापकांपैकी किती जणांनी ते उघडून पाहिले, हे न विचारलेले बरे!) पण नियम सांगतात ते मुख्यतः काय करू नये हे. खो मिळण्याआधी उठू नये, मधली पाटी ओलांडू नये, एकदा दिशा धरली की उलटे फिरू नये. मग करावे काय? ते ज्याच्या त्याच्या डोक्यात. आणि महाविद्यालयात ते डोके तीन वर्षांनी पदवी घेऊन निघून जाते.

२०२५ च्या जानेवारीत दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. प्रियांका इंगळेच्या नेतृत्वाखाली भारताच्या मुलींनी तो जिंकला, तेव्हापासून आमच्या संभाजीनगरच्या मुलींच्या अंगात वारे शिरले आहे. त्यांनी संघाची एक वही केली आणि शुद्धलेखनासाठी ती माझ्याकडे आली.

ऱ्हस्वदीर्घ राहिले बाजूला. मी पहिल्याच पानावर अडलो. ‘गडी दमला की खो द्यावा.’ कोणता गडी? पळणारा की पाठलाग करणारा? दोघेही गडीच!

कर्णधार म्हणाली, “सर, मैदानावर कळतं की ते.”

“तू तिथे असतेस म्हणून कळते. पुढच्या वर्षी तू नसशील.”

तिने मुकाट्याने वही ओढून घेतली आणि लिहिले, ‘पाठलाग करणारी दमली की’.

पुढे ‘डावीकडचीला’ असे होते. आता आठ जणी ओळीने बसणार, एकीचे तोंड एका बाजूला तर शेजारणीचे नेमके उलट! एकीचे डावे ते दुसरीचे उजवे. मग ‘लिंबाकडचा खांब’ आला. मराठी झकास, पण परक्या मैदानावर लिंब कोठून आणावा? अखेरीस, पाठलाग जिथून सुरू होतो तो खांब पहिला, समोरचा दुसरा, आणि बसण्याच्या जागांना एक ते आठ आकडे, असे ठरले.

खरी चकमक पुढेच. ही वही दुसऱ्या संघांना द्यावी का? दोघींचा कडाडून विरोध. मी त्यांना अमेरिकेतल्या बेसबॉलची हकीकत सांगितली. ह्यूस्टनच्या संघाने २०१७ साली प्रतिपक्षाच्या बोटांच्या खुणा कॅमेऱ्यातून टिपल्या आणि कचऱ्याचा डबा बडवून आपल्या फलंदाजांना कळविल्या. २०२० मध्ये त्याबद्दल व्यवस्थापकावर वर्षभराची बंदी आली. तिथे खूण फुटली की घात! पण आपल्या खेळात लपवायचे आहे काय? साखळी साऱ्या प्रेक्षकांदेखत पळायची आणि खो तर ओरडूनच द्यायचा! फक्त कोणाचा गुडघा दुखतो, कोण कोठे कच्ची, ते पान मात्र मी काढायला लावले. ते ज्याचे त्याच्यापाशी.

वहीची पहिली प्रत कन्नड तालुक्यातल्या एका शाळेला गेली. आठवड्याने तिथल्या गुरुजींचे उत्तर आले: ‘पहिला खांब, दुसरा खांब समजले. आमच्याकडे खांब एकच आहे. दुसऱ्या जागी मुलगा उभा करतो. तो हलला तर काय धरावे?’

सध्या महाविद्यालयात एका खांबासाठी वर्गणी चालू आहे. माझे पाचशे रुपये गेले.