आजारपणाची रजा हाही उपचाराचाच भाग आहे

डेंग्यूच्या पेशंटला मी तीन गोष्टी सांगतो. भरपूर पाणी आणि पातळ पदार्थ घ्या, तापाला पॅरासिटामॉलशिवाय दुसरी गोळी मनाने घेऊ नका आणि आठवडाभर घरी विश्रांती घ्या. पहिल्या दोन गोष्टी बहुतेक जण पाळतात. तिसरीवर मात्र ठरलेले उत्तर येते, "डॉक्टर, खाडा पडला की पगार कापतात."

कसबा पेठेत आणि आसपासच्या पेठांत हे उत्तर कापडदुकानातले सेल्समन देतात, पोळीभाजी केंद्रातल्या मावशी देतात, झेरॉक्सच्या दुकानातली मुले देतात आणि दवाखान्यांत काम करणाऱ्या आयासुद्धा देतात. म्हणून आजचा लेख औषधांवर नसून रजेवर आहे. माझे मत सुरुवातीलाच सांगतो. आजारपणाची पगारी रजा कायद्याने वेगळी मोजली पाहिजे आणि ती चार माणसांच्या दुकानातल्या नोकरालाही मिळाली पाहिजे.

विश्रांती कशासाठी?

डेंग्यूचेच उदाहरण घेऊ. ताप साधारणपणे तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान उतरतो आणि धोक्याचा काळ नेमका तेव्हा सुरू होतो. रक्तवाहिन्यांमधून द्रव बाहेर पाझरू लागतो, रक्तदाब घसरू शकतो, रक्तस्राव होऊ शकतो. पुढचे २४ ते ४८ तास पेशंटकडे बारीक लक्ष ठेवावे लागते. पोटात जोरात दुखणे, सतत उलट्या, हिरड्यांतून रक्त येणे, खूप गळून जाणे यांपैकी काहीही दिसले तर लगेच रुग्णालय गाठायचे असते. आमचा पेशंट मात्र "ताप गेला" म्हणून त्याच दिवशी काउंटरवर उभा असतो.

काही आजारांत विश्रांती इतरांसाठीही असते. कांजिण्यांच्या सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत त्या दुसऱ्याला होऊ शकतात. दुकानात आलेल्या गरोदर बाईला पूर्वी कांजिण्या झालेल्या नसतील तर तिच्यासाठी हा संसर्ग गंभीर ठरू शकतो. जुलाब किंवा टायफॉइड झालेल्या व्यक्तीने दुसऱ्यांसाठी स्वयंपाक करणे म्हणजे आजार डब्यात भरून घरोघरी पाठवणे. फुप्फुसाच्या क्षयरोगात योग्य औषधे सुरू झाल्यावर संसर्गाचा धोका साधारण दोन आठवड्यांत बराच कमी होतो. हे दोन आठवडे पेशंट घरी राहू शकतो की नाही, हे त्याच्या खिशावर ठरते.

कायदा काय देतो?

महाराष्ट्रात दुकाने आणि कार्यालयांसाठी २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा आहे. त्यानुसार वर्षाला ८ दिवस पगारी किरकोळ रजा मिळते. ती दर तिमाहीला जमा होते आणि वर्षअखेर उरली तर बुडते. वर्षात २४० दिवस काम भरले की पुढच्या वर्षी दर २० दिवसांमागे १ दिवस पगारी रजा मिळते. म्हणजे २४० दिवसांना १२ आणि ३०० दिवसांना १५. ही रजा ४५ दिवसांपर्यंत साठवता येते. याशिवाय सणांच्या आणि राष्ट्रीय दिवसांच्या ८ पगारी सुट्ट्या आहेत.

या हिशेबात आजारपणाचा वेगळा रकाना नाही. टायफॉइडमध्ये दोन आठवडे गेले तर किरकोळ रजा संपते आणि उरलेले दिवस साठवलेल्या रजेतून जातात. मग मुलाच्या परीक्षेला किंवा गावच्या लग्नाला काही उरत नाही. पुढच्या आजारात तो माणूस अंगात ताप घेऊन कामावर जातो, कारण रजा जपून वापरायची असते.

याहून मोठी अडचण म्हणजे हा कायदा किमान १० नोकर असलेल्या आस्थापनांसाठी करण्यात आला. २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ही मर्यादा २० वर नेण्याचा निर्णय घेतला. आपल्या पेठेतल्या किती दुकानांत २० माणसे कामाला असतात, हे तुम्हीच मोजून पाहा. त्याआधीच्या १९४८ च्या मुंबई दुकाने व आस्थापना कायद्यात नोकरांच्या संख्येची अशी अट नव्हती. २४० दिवस भरले की लहान दुकानातल्या नोकरालाही २१ दिवसांच्या पगारी रजेचा हक्क होता. तो किती ठिकाणी पाळला जाई हा वेगळा प्रश्न आहे, पण हक्क तरी होता.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार कामगार संहिता लागू झाल्या. त्यातल्या सुरक्षा आणि आरोग्यविषयक संहितेत वार्षिक रजेसाठी २४० ऐवजी १८० दिवसांची अट आहे. हा चांगला बदल आहे, पण तिथेही किमान १० कामगारांची मर्यादा आहेच.

"दुकान कसे चालवायचे?"

मालकही माझे पेशंट आहेत आणि त्यांची बाजू मी ऐकतो. तीन माणसांच्या दुकानातला एक जण महिनाभर घरी बसला तर मालकाला खरोखर जड जाते. लांबच्या आजाराचा भार एकट्या लहान मालकावर टाकू नये, असेच मलाही वाटते. त्यासाठी विमा हवा आणि तो आपल्याकडे आहे. कर्मचारी राज्य विमा योजनेत, म्हणजे ईएसआयमध्ये, आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के रक्कम मिळते. क्षयरोगासारख्या ठरावीक दीर्घ आजारांत पात्र कामगाराला ८० टक्के रक्कम आणि दोन वर्षांपर्यंतची मुदत मिळू शकते. नोकराच्या पगारातून यासाठी ०.७५ टक्के जातात आणि मालक ३.२५ टक्के भरतो. ही योजना साधारणपणे १० किंवा जास्त नोकर असलेल्या ठिकाणी आणि महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असणाऱ्यांना लागू होते. ती लहान दुकानांपर्यंत आणणे हा माझ्या मते यावरचा खरा तोडगा आहे.

"नोकर खोटे दाखले आणतात," ही दुसरी तक्रार. खोटा दाखला कोणत्याही डॉक्टरने देऊ नये. पण दोन दिवसांच्या सर्दीतापासाठी दाखला मागूही नये. त्या एका कागदासाठी तापलेला माणूस माझ्याकडे तासभर बसतो आणि शेजारच्या बाकावर दम्याचे आजोबा असतात.

रविवारची सुट्टीही मालकांनी आपणहून दिलेली नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांची मागणी मांडली आणि ती मान्य व्हायला १० जून १८९० उजाडला. गिरण्या त्यामुळे बंद पडल्या नाहीत.

तुम्ही काय करू शकता?

• पगाराच्या पावतीवर ईएसआयची कपात आहे का ते पाहा. असेल तर आजारपणात आधी ईएसआयच्या डॉक्टरकडे जा. तिथला भत्ता त्यांच्या दाखल्यावर मिळतो, माझ्या दाखल्यावर सहसा मिळत नाही.

• किरकोळ आणि साठवलेली अशा दोन्ही रजा किती शिल्लक आहेत, हे आजारी पडण्याआधी लेखी विचारून ठेवा.

• कायद्याने पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची पगारी प्रसूती रजा आहे. गर्भपात झाल्यावरही ६ आठवडे मिळतात, हे अनेक बायकांना माहीतच नसते. यासाठी आधीच्या १२ महिन्यांत किमान ८० दिवस काम झालेले हवे.

• क्षयरोगाचे निदान झाले तर पगाराच्या भीतीने लपवू नका आणि औषध थांबवू नका. माझ्याशी बोला, कामावर कधी परतता येईल ते मी लेखी देतो.

• तुमचे स्वतःचे लहान दुकान असेल तर वर्षाला ७ दिवस आजारपणाची पगारी रजा आजपासून जाहीर करा. चार नोकर असतील तर जास्तीत जास्त २८ दिवसांचा पगार होतो, आणि सगळे एकाच वर्षी ती पूर्ण वापरतील असेही नाही. ताप आलेला माणूस पहिल्याच दिवशी घरी थांबला तर उरलेले तिघे कामावर राहण्याची शक्यता वाढते.