दरोडेखोराच्या हाती पिस्तूल, आपल्या पोलिसाच्या हाती काय?

१६ सप्टेंबर २०२५ रोजी विजयपुरा जिल्ह्यातील चडचणच्या स्टेट बँकेत लष्करी वेषातले, तोंड झाकलेले दरोडेखोर शिरले. पिस्तुलाचा धाक दाखवून कर्मचाऱ्यांना बांधलं आणि कोट्यवधींची रोकड व सोनं घेऊन पसार झाले. त्यांची गाडी सापडली ती आपल्या सोलापूर जिल्ह्यात, मंगळवेढा तालुक्यातल्या हुलजंतीत. त्याच वर्षी १६ जानेवारीला बीदरमध्ये एटीएमची रोकड लुटताना सुरक्षारक्षकाचा जीव गेला. लुटारूंनी त्याच दिवशी हैदराबादेत पुन्हा गोळी झाडली.

म्हणजे हे लोक जिल्ह्याची, राज्याची हद्द मानत नाहीत. आणि ११२ वर फोन गेला की आधी पोचतात ते जवळच्या ठाण्याचे दोन-तीन पोलीस. अनेकदा हातात फक्त काठी. २६/११ च्या रात्री गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळे यांनी काठीच्या जोरावर कसाबला रोखलं आणि प्राण दिले. त्यांना अशोकचक्र मिळालं. त्या शौर्याला आपण सलाम करतोच. पण प्रत्येक शिपायानं छातीवर गोळ्या झेलाव्यात, ही काही व्यवस्था नव्हे.

पहिल्या पोलिसानं एकट्यानं आत घुसायचं नसतं. आडोसा धरायचा, लोकांना लांब ठेवायचं, किती जण, कोणती हत्यारं, गाडी कुठल्या दिशेला गेली हे वायरलेसवर कळवायचं, कुमकीची वाट पाहायची. त्यासाठी अंगात बुलेटप्रूफ जाकीट हवं, नियमित सराव हवा आणि सीमेपलीकडच्या ठाण्याशी थेट संपर्क हवा.

यात आपलाही जीव गुंतलेला आहे. संरक्षण नसलेला, घाबरलेला पोलीस घाईत गोळी झाडतो, आणि बाजारातल्या गर्दीत ती कुणालाही लागू शकते. तयारीतला पोलीस थांबू शकतो, आरोपीला जिवंत पकडू शकतो. चकमकीत कुणी मेला तर स्वतंत्र तपास व्हावा, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१४ मध्येच बजावलंय. पोलिसाची सुरक्षा आणि ही जबाबदारी, दोन्ही एकत्रच मागायला हव्यात.

आपल्या मोहल्ल्यांनीही एक करावं. दरोडा दिसला तर मोबाईलवर शूटिंग करत पुढे जाऊ नये, पाठलाग करू नये. गाडीचा नंबर आणि दिशा लक्षात ठेवून ११२ लावावा. वेळेवर मिळालेली नेमकी माहिती हीसुद्धा त्या शिपायासाठी ढालच आहे.